पंधरा थाऊ

माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की उत्तमरावानं लपवलं. चौतीस वर्षं नगरच्या एमआयडीसीत लेथवर काढली. मशीन बंद पडलं की बाकीचे तंबाखू मळायला बसायचे आणि मी हातानं चाक फिरवून बघायचो. कुठं ढिलं आहे, किती ढिलं आहे, ते बोटांना बरोबर कळतं. या सवयीपायी फोरमननं किती वेळा पाठ थोपटली असेल! आणि त्याच सवयीनं गेल्या ऑक्टोबरात मला पार तोंडघशी पाडलं.

माझी सून यशोधरा डिप्लोमा झालेली आहे. कंपनीत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहिते. आता आठवडाभर तेच केल्यावर रविवारी माणसानं झोपावं की नाही? पण नाही! बाईनं भिंगारच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, स्वतःचं मशीन उभं केलं. भंगारातल्या झेरॉक्सच्या मोटरी, पुण्याच्या जुन्या बाजारातले स्क्रू, नटबोल्ट माझ्या डब्यातले, तेही न विचारता. लॅपटॉपवर अक्षरं काढायची, बटण दाबायचं, की कटर आपलं आपण मागंपुढं, वरखाली जात लाकूड कोरत बसतं. मी म्हणायचो, "हे मशीन नव्हे, खेळणं आहे." ती म्हणायची, "खेळणंच आहे बाबा, म्हणून तर मजा येते."

मला मजा येत नव्हती. का येईल? पंच्याऐंशी-शहाऐंशी साली आमच्या कंपनीत असलं पहिलं मशीन आलं होतं. कागदाच्या लांब पट्टीला भोकं पाडलेली असायची, ती पट्टी वाचत ते काम करायचं. आम्ही चौघं दोन दिवसांत करायचो ते त्यानं एका पाळीत केलं, आणि मला दोन वर्षं स्टोअरमध्ये नट मोजायला बसवलं. हा राग माझ्या मनातून गेला नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू?

तर झालं असं की आमच्या मूळ गावाहून, पुणतांब्याहून, छगनभाऊ टेम्पोत एक दार घेऊन आले. आमच्या वस्तीच्या जुन्या तक्क्याचं दार. तक्क्या म्हणजे आमची बसण्याउठण्याची, बैठकीची जागा. छप्पन्न साली अकरा कुटुंबांनी तिथंच बसून ठरवलं की आपण बाबासाहेबांच्या मागं जायचं, दीक्षा घ्यायची. तक्क्या कधीच पडला, दार तेवढं राहिलं. त्यावर त्या अकरा जणांची नावं कोरायची आणि चौदा ऑक्टोबरला ते विहारात लावायचं, असं गावानं ठरवलं होतं. त्यात माझ्या वडिलांचं, रायभानचं, नाव नववं. छगनभाऊंच्या आजीचं, लंकाबाईंचं, पाचवं. अकरांत बाई ती एकटीच. नवरा नव्हता, तीन लेकरं घेऊन ती पुढं झाली होती.

मी गावच्या बैठकीत सांगितलं होतं की हातानं कोरणारा कारागीर बघा. दोनचार म्हातारे माझ्या बाजूचे होते. यशोधरा उभी राहिली आणि म्हणाली, "अक्षर एकसारखं येईल. काही बिघडलं तर जबाबदार मी." तेव्हा लोकांनी तिला होकार दिला. दार खाली उतरवताना छगनभाऊ तिला म्हणाले, "पोरी, दुसरं दार न्हाई हां. हे एकच हाय."

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मंगळवारी चौदा तारीख, सोमवारी सकाळी टेम्पो येणार. तिनं काम दोन हातांत वाटलं होतं. पहिल्या हातात अकराही नावं उथळ कोरून घ्यायची आणि दुसऱ्या हातात त्याच चरांतून पुन्हा जाऊन ती खोल करायची. दुसऱ्या हाताला कटर केसभर जरी सरकलं तरी प्रत्येक अक्षराला दोन कडा दिसणार. दुपारी तीनपर्यंत दुसऱ्या हातातली चार नावं झाली. सुरेख झाली, मला कबूल करावं लागलं, पण मनातल्या मनात.

आणि लाईट गेली.

"नशीब!" यशोधरा म्हणाली. चौथं नाव संपवून कटर तेव्हाच वर आलं होतं. लाकडात अडकलं असतं तर चर तिथंच फाटला असता. तिनं लॅपटॉपवर काम थांबवून ठेवलं आणि माझ्याकडं वळली. "बाबा, नीट ऐका. आता मोटरींत करंट नाही, म्हणजे स्क्रू मोकळे आहेत. कटर कुठं आहे हे मशीनला दिसत नाही, ते फक्त किती पावलं चाललो ते मोजतं. कुणी हलवलं तर त्याला कळणारच नाही, ते जुन्याच हिशोबानं पुढं जाईल. जागा पुन्हा शोधायला दाराला एक धड कोपरासुद्धा नाही, सगळे झिजून गोल झालेत. तेव्हा कशाला हात लावू नका. टेबलाला टेकूसुद्धा नका."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

"शिकवत नाही, हात जोडते," असं म्हणून ती गल्लीत चौकशीला गेली. प्रशांत, माझा मुलगा, पाळीवर होता. बनाबाई, माझी बायको, पुढं भांडी घासत होती.

मी स्टुलावर बसलो. दोन मिनिटं बसलो. पाच मिनिटं बसलो. समोर तो लांब स्क्रू, त्याच्या टोकाला पितळी जोड. सकाळपासून त्या बाजूनं एक बारीक कटकट येत होती आणि ती मला छळत होती. हात शिवशिवायला लागले. म्हटलं, बघू तरी कितीक ढिलं आहे. खरं सांगतो, बघितलं कधी आणि हात गेला कधी, माझं मला कळलं नाही. दोन बोटांनी जोड धरला आणि फिरवला. पाव फेरा. ढिलाई होतीच! मला आनंद झाला हो, मूर्खाला. मग भानावर आलो आणि पाव फेरा उलटा फिरवला.

पण जो माणूस चौतीस वर्षं स्क्रू फिरवतो त्याला हे सांगावं लागत नाही की ढिल्या स्क्रूवर गेलेलं परत येत नाही. पाव फेरा पुढं आणि पाव फेरा मागं म्हणजे शून्य नव्हे. थोडंफार कुठंतरी राहतंच.

यशोधरा परत आली. "दहा मिनिटांत येईल म्हणतायत. सगळं ठीक ना बाबा?"

"हं," मी म्हणालो.

एवढंच. 'हं.' त्या एका अक्षरानं मी माझ्या सुनेचा गळा कापला होता. तिला आता सांगावं तर इतके दिवस ज्या मशीनला खेळणं म्हटलं ते बरोबर आणि मी चूक. न सांगावं तर? तर दार खराब होणार, गाव म्हणणार, उत्तमराव आधीच सांगत होता, हातानं करायला हवं होतं. म्हणजे मी गप्प बसलो की माझंच खरं! असला घाणेरडा विचार माझ्या डोक्यात आला आणि तो आवडलासुद्धा, हे मी आज सांगतोय. लाज वाटते, पण सांगतोय.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. मोटरींनी घर्र करून स्क्रू आवळले. यशोधरानं एकदा दाराकडं पाहिलं, ओढणी खोचली आणि बटण दाबलं. कटर शीळ घालत फिरू लागलं, पाचव्या नावावर गेलं, लंकाबाईच्या 'लं'वर, आणि खाली यायला लागलं.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बनाबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "बंद कर! मी हात लावलाय!"

तिनं लाल बटणावर थाप मारली. कटर लाकडापासून बोटभर वर थांबलं.

बनाबाई ओले हात घेऊन दारात आली. "अवो, काय झालं? कुनाला लागलं का?"

"किती फिरवलात?" यशोधरानं विचारलं. आवाज चढवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"पाव फेरा. परत आणला."

"परत आणला!" आता मात्र ती भडकली. "बाबा, तुम्ही टर्नर आहात ना? मी काय सांगून गेले होते? हात जोडले होते मी! परवा अख्ख्या गावासमोर उभं राहायचंय मला!" तिचे डोळे भरले. तिनं ते मनगटानं पुसले आणि पाठ फिरवून उभी राहिली.

चूक झाली म्हणालो. आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन, एका हाताची बोटं पुरतील.

मग ती वळली. "या इकडं. तुम्हीच शोधून द्या आता."

तिनं मोटरींचा करंट काढला. पूर्ण झालेल्या चौथ्या नावाच्या चरात कटरचं टोक बसवायचं होतं. ती भिंग आणि टॉर्च घेऊन वाकली आणि किती सरकवायचं ते आकड्यांत सांगू लागली, मी जोड फिरवू लागलो. "अजून दोन. एक मागं. अर्धा." मान न वळवता ती म्हणाली, "अमेरिकेत हे सगळं असंच सुरू झालं. हेलिकॉप्टरची पाती बनवायला एक जण आकडे वाचायचा आणि दोघं दोन बाजूंची चाकं फिरवायचे. मग कुणाला तरी वाटलं, आकडे मशीनलाच वाचू द्यावेत." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या पट्टीच्या मशीनच्या पोटातसुद्धा आमच्यासारखीच माणसं होती.

अर्धा तास गेला. टोक चरात बसलं. तिनं करंट दिला, जागा नव्यानं लिहिली आणि सरळ झाली. "डोळ्याला बरोबर दिसतंय. पण डोळ्याला दिसतं त्याच्या आतली चूक कापल्याशिवाय कळायची नाही." मग म्हणाली, "पुढचं लंकाबाईंचं आहे."

"ते नको," मी म्हणालो. "नववं आधी घे."

"रायभानबाबांचं?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "का?"

"कुणाचं तरी खराब होणारच असेल तर माझ्या बापाचं होऊ दे. चूक माझ्या घरातली आहे."

बनाबाई म्हणाली, "अवो, इचार करा. मामंजींचं नाव हाय." मी म्हणालो, म्हणूनच. यशोधरानं वाद घातला नाही. लॅपटॉपवर क्रम बदलला आणि बटण दाबलं.

'रा' कापला गेला. भुसा उडाला, तिनं फुंकर मारली. चराच्या डाव्या बाजूला दुसरी कड उठली होती. बारीक, पण होती. "थांबवू?" तिनं विचारलं.

"पुरं होऊ दे. अर्धं नको. आणि पुऱ्या नावावर माप नीट मिळेल."

कटर वडिलांच्या नावावरून शेवटपर्यंत गेलं. प्रत्येक अक्षराला ती कड उठत गेली आणि मी बघत राहिलो. मग मी भिंगाखाली मोजलं. तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही ठिकाणी तेच. "पंधरा थाऊ," मी म्हणालो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंधरा म्हणजे पाचसहा केसांची जाडी. यशोधरानं तेवढं मशीनला सरकवायला सांगितलं आणि लंकाबाई लावली. लोण्यात सुरी जावी तसं कटर जुन्याच चरातून गेलं. एक कड. मग सहावं, सातवं, आठवं, दहावं, अकरावं, सगळी तशीच. संध्याकाळी आम्ही तिघांनी चहा घेतला.

सोमवारी सकाळी छगनभाऊ टेम्पो घेऊन आले. दार बघून त्यांनी टोपी काढली. एकेका नावावरून बोट फिरवत खाली आले आणि आजीच्या नावाशी थांबले. "बेस झालंय," म्हणाले. मग नवव्या नावावर बोट अडखळलं. "हे असं का? रायभानबाबाच्या नावाला? मशीन घसरली जनू."

यशोधरा पुढं झाली. "छगनभाऊ, जबाबदारी माझी होती, मी..."

"तू गप्प बस," मी म्हणालो. "मशीन घसरली नाही, छगनभाऊ. हिनं सांगून ठेवलं होतं, हात लावू नका. मी लावला. नाव माझ्या हातानं बिघडलंय."

छगनभाऊंनी त्या नावावरून पुन्हा बोट फिरवलं. "लांबी भरून ही कड बुजवून घेऊ का? वरून पॉलिश मारलं की कुनाला कळायचं न्हाई."

"नको."

"उद्या लोक इचारतील की."

"विचारू दे. मी दारापाशीच उभा राहणार आहे, ज्याला त्याला सांगेन."

आम्ही दार उचललं. एका बाजूला छगनभाऊ आणि ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला मी. यशोधरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, हात इथं धरा," ती म्हणाली आणि माझा हात नेऊन तिनं वडिलांच्या नावाखाली ठेवला. मला रडू आलं, आणि दोन्ही हात दाराला असल्यामुळं डोळे पुसता आले नाहीत.