नळीतलं निळं

आरोग्य कचेरीतल्या तपासणीच्या खोलीत काचेची नळी कोमट पाण्यात उभी होती. नळीत दूधवाल्या काकांचं दूध आणि त्यात तपासणीच्या बाईंनी टाकलेला निळा रंग. निळं टिकलं तर दूध चांगलं. पण काकांच्या डोळ्यांदेखत ते पांढरं पडत गेलं, ढगाने आभाळ गिळावं तसं.

"काका, जंतूंनी बिऱ्हाड थाटलंय यात. आजपासून विक्री बंद. आणखी एकदा तपासेन. तेव्हाही असंच झालं तर परवाना गेला म्हणून समजा."

"अहो बाई, पाण्याचा थेंब घालत नाही मी!"

"पाण्याचं कोण म्हणतंय? कॅन कसे धुता?"

"उकळत्या पाण्याने. वर आतून पुसतोसुद्धा, आमच्या हिच्या ओढणीने."

"मग तीच नडतेय. ओलं फडकं म्हणजे जंतूंचं माहेर."

काकांना ते झोंबलं. काकू गेल्यापासून कामाला त्यांच्यासोबत यायची ती एवढी ओढणीच. "हिच्या वस्तूला नावं ठेवतात!" असं पुटपुटत ते घरी आले, गोठ्याच्या ओट्यावर टेकले आणि उन्हात त्यांचा डोळा लागला.

अंगणभर ऊन सांडलं होतं, धारोष्ण दुधासारखं. काकू एकेक कॅन फळीवर पालथा घालत होत्या, निजलेल्या लेकराला कुशीवर वळवावं तशा. मदतीला म्हणून काका ओढणी घेऊन पुढे झाले, तर त्या हसायलाच लागल्या.

"अहो, त्याच्या पोटात हात कशाला घालता? ऊन आहे ना पुसायला!" त्यांनी ओढणी काढून घेतली आणि काकांचं कपाळ टिपलं. "ही तुमच्या घामाला."

जाग आली तेव्हा कपाळ कोरडं होतं. खरंच की, ती कधी पुसायचीच नाही! काकांनी कॅन पुन्हा उकळत्या पाण्याने धुतले, उन्हात पालथे घातले आणि ओढणी स्वतःच्या गळ्यात टाकली.

पुढच्या तपासणीला ते नळीसमोर बसून राहिले. दुपार कलली, पंखा कुरकुरत राहिला. निळं हललं नाही. बघता बघता भिंतीही त्यांना निळसर वाटू लागल्या.

"उद्यापासून खुशाल विका, काका."

काका उठेनात. "जरा बसू का? अजून निळं आहे."

"बसा की," बाई म्हणाल्या. "पण नळीभोवतीच्या पाण्यात हात घालायचा नाही."