तारीखबाईंची कामं कोणाच्या नावावर

नाना ज्या ऑफिसात होते ते पाण्याच्या टाक्या, पंपघरं आणि नळाच्या लाइनी बांधायचं. एका वेळी बरीच कामं चालू असत. कोणतं काम कुठवर आलं, कोणाच्या गळ्यात आहे, कधी संपणार, हे सगळं एका जागी दिसावं म्हणून कॉम्प्युटरवर एक व्यवस्था होती. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण ऑफिसात सगळे तिला ‘फळा’ म्हणत. कारण ती येण्याआधी जिन्यासमोरच्या भिंतीवर खराखुरा फळा होता आणि त्यावर कामांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचणीनं लावलेल्या असत. पंखा जोरात सोडला की एखादं पंपघर उडून टेबलाखाली जायचं.

पट्ट्यांचा फळा काढून कॉम्प्युटरवरचा आणला तो नानांच्या बायकोनं. ती त्याच ऑफिसात कामांचं नियोजन बघायची. कोणी दारातून आत आलं की आधी ‘तारीख?’ विचारायची, बाकीची विचारपूस मागाहून. त्यावरून तिचं नाव तारीखबाई पडलं. नानांना काही जण पाठीमागे ‘तारीखबाईंचे मिस्टर’ म्हणत. नानांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. ते कॉम्प्युटर विभागात होते. फळ्याची देखभाल त्यांच्याकडे. म्हणजे फळा माझा आणि झाडलोट यांची, असं ती चारचौघांत सांगायची.

गेल्या वर्षी ती गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. ऑफिसनं नियमाप्रमाणे तिचं खातं बंद केलं, तिची चालू कामं बाकीच्यांना वाटून दिली आणि तिच्या टेबलावर प्रिंटर आणून ठेवला. नाना थोड्याच दिवसांत कामावर आले, कारण घरी बसून करायचं तरी काय. सकाळी एक कप चहा करायला त्यांचा हात अजून वळत नव्हता. दोनच होत. दुसरा ते गार झाल्यावर पीत.

आता फळाही जायचा होता. ज्या कंपनीनं तो बनवला तिनं त्याची काळजी घेणं सोडलं होतं. साहेबांनी नवी व्यवस्था विकत घेतली आणि जुन्यातला सगळा डेटा नव्यात हलवायचं काम नानांकडे आलं. मदतीला नव्या कंपनीची एक बाई यायची. कामात पक्की, बोलायला मोकळी, चहाला कधी नाही न म्हणणारी. नानांनी तिचं नाव पाहुणीबाई ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडलं होतं.

तिनं समजावून सांगितलं की हे घर बदलण्यासारखंच आहे. जुन्या घरातलं कोणतं कपाट नव्या घरात कुठल्या खोलीत जायचं ते आधी ठरवायचं. जुन्यातला ‘कामाचं नाव’ हा रकाना नव्यातल्या कोणत्या रकान्यात, ‘जबाबदार व्यक्ती’ कोणत्या. मग एकदा चाचणी म्हणून सगळं हलवून बघायचं, चुका काढायच्या, आणि मग एका शनिवारी खरं हलवायचं. नाना म्हणाले, आमच्याकडे घर बदलताना काय टाकायचं यावरून अबोला व्हायचा. ती म्हणाली, इथेही होईल, बघा.

चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना खुर्चीत बसले, मेल उघडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

‘आजचं तुमचं काम: पूर्वेच्या टाकीचं झाकण वर चढून बघून या. फोनवर विचारून चालणार नाही.’

हे लिहिणं दुसऱ्या कोणाचं असणंच शक्य नव्हतं. बाकीचे लोक फळ्यावर ‘टाकी तपासणी’ एवढंच लिहीत. ती समोर उभी राहून बोलल्यासारखी लिहायची. आणि अशी तपासणीची कामं ठरल्या वेळी आपोआप पुन्हा वर यावीत अशी तिनं लावून ठेवलेली होती. फळ्यावर ती कामं तिच्याच नावावर राहिली होती, त्यामुळे तिचं खातं बंद झाल्यापासून त्या सूचना कोणाकडेच जात नव्हत्या.

काय झालं ते नानांच्या लगेच लक्षात आलं. नव्या व्यवस्थेत माणसांची यादी भरली होती ती फक्त सध्या कामावर असलेल्यांची. एखाद्या कामाचा माणूस यादीत सापडला नाही की ते काम, जो डेटा हलवतोय त्याच्या नावावर पडत होतं. शिवाय चाचणीत मेल बंद ठेवायचे असतात, ते ठेवायचे राहून गेले होते. त्यामुळे बायकोची सगळी कामं नवऱ्याच्या नावावर चढली होती आणि तिचे हुकूम नवऱ्याच्या मेलमध्ये येऊन पडत होते.

चूक सरळ होती. पाहुणीबाई पलीकडच्याच टेबलाशी बसली होती. नानांनी तिला काही सांगितलं नाही. मेल बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा वाचला, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते पूर्वेच्या टाकीवर गेले.

टाकीच्या शिडीवर अर्ध्यातच त्यांना धाप लागली. खालून राखणदारानं विचारलं, आज तुम्ही कसे काय. नाना म्हणाले, वरून हुकूम आहे. राखणदाराला वाटलं साहेबांचा. झाकण धड होतं, पण कडी गंजली होती. खाली आल्यावर राखणदार सांगत बसला की बाई यायच्या तेव्हा आधी टाकी बघायच्या आणि मग त्याची चप्पल बघून ओरडायच्या, ही घालून शिडी चढतोस का म्हणून. नानांनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसात आल्यावर ज्याच्याकडे आता ती टाकी होती त्याला कडीचं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि नानांकडे जरा विचित्रच पाहिलं.

मग हे रोजचं झालं. ‘ठेकेदाराला तारीख विचारा. बघतो म्हणाला तर तिथेच बसून राहा.’ ‘पंपघराच्या किल्ल्या परत घ्या. नुसतं हो म्हणतील.’ एका सकाळी तर, ‘बसला असाल तर उठा. मोठा व्हॉल्व्ह हातानं फिरवून बघायचाय.’ नाना खरंच बसलेले होते. ते उठले.

त्या दिवसांत ते ऑफिसात सगळ्यांच्या आधी येत. दाढी रोज होऊ लागली. लग्नानंतरचे दिवस त्यांना आठवत. दोघं एकत्र ऑफिसला निघायची आणि वाटेत ती बोटांवर दिवसाची कामं मोजायची. बोटं संपली की नानांचा हात ओढून त्याच्यावर पुढची. लोक बघतात म्हणून ते हात सोडवून घ्यायचे. आता वाटायचं, बघेनात का.

हिशेबनीस एक दिवस नव्या व्यवस्थेत डोकावून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “नाना, अर्ध्या गावाचं पाणी तुम्हीच आणलंत की. आम्हाला आपलं वाटायचं तुम्ही कीबोर्ड पुसता.”

सगळे हसले, नानाही हसले. पण मनात कुठेतरी टोचलं.

रविवारी लेकीचा फोन आला. ती लांब राहायची, दर रविवारी जेवणखाण विचारायची. या वेळी नानांनीच उत्साहानं मेलचं सांगितलं. एकेक वाचून दाखवला. लेक आधी खूप हसली. आई अजून तुम्हाला कामाला लावतेच आहे म्हणाली. मग तिनं विचारलं,

“म्हणजे बाबा, नव्यात आईचं नाव कुठे आहे?”

“कामं सगळी आली गं. एक गळलं नाही.”

“कामं नाही विचारत. नाव.”

फोन ठेवल्यावर नाना बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. टाक्यांवर दगडी पाट्या होत्या, त्यावर ज्या त्या वेळच्या साहेबांची नावं होती. तारीखबाईंचं नाव होतं ते फक्त फळ्यावर. फळा गेला आणि नवी व्यवस्था अशीच चालू झाली तर पुढे जो कोणी शोधेल त्याला पश्चिमेच्या टाकीशी, उत्तरेच्या लाइनीशी, सगळीकडे नानांचं नाव सापडणार होतं. ज्या माणसानं जागेवर जाऊन कधी टेपचं टोकसुद्धा धरलं नव्हतं त्याचं. आणि चूक दुरुस्त केली तर नाव तिचं तिला मिळेल, पण सकाळचे मेल बंद होतील. दोन्ही गोष्टी त्यांना आधीपासून कळत होत्या. लेकीनं विचारेपर्यंत त्यांनी त्या एकमेकींसमोर ठेवल्या नव्हत्या, इतकंच.

सोमवारी त्यांनी पाहुणीबाईला सगळं सांगितलं, मेल येताहेत हेही. ती रागावली नाही. म्हणाली, सोपं आहे, सोडून गेलेल्या सगळ्यांची कामं ‘माजी कर्मचारी’ या एकाच नावाखाली टाकू. बहुतेक ऑफिसं तसंच करतात. साहेबांनाही ते पसंत होतं.

नाना म्हणाले, “माजी कर्मचारी नावाची बाई या ऑफिसात मी कधी पाहिली नाही.”

साहेब माणूस वाईट नव्हते. ते खुर्चीत मागे रेलले. मग एकट्या बाईंसाठी वेगळं खातं करायचं का, बाकीचे काय म्हणतील, असं त्यांनी हळूच विचारलं. नाना म्हणाले, मग सगळ्यांची करतो. साहेबांनी कॅलेंडर बघितलं आणि सांगितलं, शनिवारच्या आत होत असेल तर करा, नाहीतर माजी कर्मचारी.

बाहेर आल्यावर पाहुणीबाईनं नानांना जिन्याशी थांबवलं. तिनं आवाज खाली आणला. बंद खात्याला नाव राहतं पण मेल जात नाहीत. बाईंचं खातं चालू म्हणून ठेवलं आणि मेल नानांकडे वळवले तर नावही राहील आणि मेलही येतील. चालू खात्यांचे पैसे माणशी पडतात, एका माणसाचे जास्त लागतील, ते मी बघते. कोणाला कळायचं नाही.

नाना कठडा धरून उभे राहिले. त्यांना ते इतकं हवं होतं की तोंडातून हो बाहेर पडतच होतं.

“चालू खातं दिसलं की लोक तिला कामं देतील,” ते शेवटी म्हणाले. “नको. बरीच केली तिनं. बंद ठेवा.”

तो आठवडा नावांत गेला. जुन्या फळ्यातून एकेक माणूस शोधायचा, नव्यात त्याचं खातं उघडायचं, लगेच बंद करायचं आणि त्याची कामं त्याच्याकडे लावून द्यायची. नानांना वाटलं होतं कंटाळवाणं काम असेल. तसं झालं नाही. एक नकाशावाला निघाला, जो उभ्यानंच जेवायचा. एक टायपिस्टबाई, जिनं राजीनामा दिला तो स्वतःच टाइप करून आणि त्यातली चूक खोडून. निवृत्त झालेले मोजणीकाका, ज्यांचा आवाज तळमजल्यावरून वरपर्यंत फोनशिवाय यायचा. हिशेबनीस अधूनमधून येऊन मागे उभा राहायचा आणि, अरे हा पण होता का, म्हणायचा. शुक्रवारी तो खुर्चीच घेऊन आला आणि त्यानं राहिलेली अर्धी नावं भरली.

तारीखबाईंचं खातं नानांनी सगळ्यात शेवटी केलं. त्या सकाळचा मेल होता, ‘दक्षिणेच्या लाइनीचे सांधे बघा. घाई करू नका.’ नाना दुपारी जाऊन सांधे बघून आले आणि मग बसून खातं बंद केलं.

शनिवारी डेटा हलला. सोमवारी मेलमध्ये साहेबांचं अभिनंदन होतं आणि कँटीनची सूचना होती. नानांनी मेल खालपर्यंत चाळून बघितला. मग जुने कागद आवरू लागले.

दुपारी नकाशे काढणारी बाई त्यांच्याकडे आली. ती दुसऱ्या ऑफिसातून बदलून आलेली, इथलं जुनं तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं की पश्चिमेच्या टाकीची लाइन बाजाराच्या कोपऱ्यावर उगीचच वाकडी गेलीय. सरळ नेली असती तर पाइप वाचला असता. कामावर या बाईंचं नाव आहे, पण खातं बंद दाखवतंय. यांना विचारायचं झालं तर कुठे विचारायचं?

“माझी बायको ती,” नाना म्हणाले. “आता नाही.”

ती बाई ओशाळली. नानांनी तिला बसायला सांगितलं. लाइन का वाकली ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरी ती कामाचं बरंच बोलायची, पण हे बोललेली नव्हती. त्यांनी ते काम उघडलं. तिच्या नावाच्या शेजारी मोजणीकाकांचं नाव होतं. त्यांनी काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून मधोमध ठेवला. तशी स्पीकरची गरज नव्हतीच.

काका म्हणाले, “तो कोपरा? अरे, तिथे एक शिवणकामवाली बसायची. सरळ खणलं असतं तर तिचं दार किती दिवस बंद राहिलं असतं कोण जाणे. तुझी बायको म्हणाली, काका, वळवू. टेप आणायचा मी विसरलो होतो. मग तिनं छत्रीनं मोजलं. आधी छत्री मापून घेतली, मग रस्ता. शेवटच्या मापाला चिखलात घसरली आणि छत्री मोडून दोन तुकडे. बसून हसत होती रस्त्यात.”

“कसली छत्री?” नानांनी विचारलं.

“तुझीच की. नवी होती म्हणे. मला शपथ घातली, यांना सांगू नका.”

नाना आठवू लागले. लाकडी मुठीची काळी छत्री. बसमध्ये विसरले असं ती म्हणाली होती. आणि ते, सगळं शहाणपण आपल्याकडेच असल्यासारखे, बसच्या डेपोत दोनदा चौकशी करून आले होते.

ते हसायला लागले. नकाशावाली बाई आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग तीही हसली. फोनमधून काका विचारत होते, अरे काय झालं, आहेस ना. नानांनी डोळे पुसले आणि खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

“आहे, आहे. काका, तुम्ही सांगा. पुढे काय झालं?”