साठवलेला कोळसा

माझा नवरा गिरीश चंद्रपूरच्या कोळसा कॉलनीत वाढलेला, आणि साठवण हा त्याचा जुना रोग. टेक्सासात, शुगर लँडच्या आमच्या गॅरेजमध्ये अजून कोविडातली तूरडाळ पडून आहे. पण हा माणूस कोळसाही साठवेल असं मला वाटलं नव्हतं.

तो टेक्सासमधल्याच एका लिग्नाइट कोळशाच्या खाणीत इंजिनिअर. शेजारचं वीजघर बंद होऊन तिथे सोलर पॅनेल येणार होती. ऑगस्टअखेर खोदकाम थांबलं. आवारातला कोळशाचा ढीग जाळून संपेपर्यंत वीजघर चालणार आणि तोवरच गिरीशची नोकरी. अकरा वर्षांनी आमचा ग्रीन कार्डचा नंबर फेब्रुवारीत लागणार होता. मार्चमध्ये आमच्या अनुष्काला एकवीस पूर्ण, मग ती आमच्या अर्जातून बाहेर. त्याआधी काम झालं नाही, तर दोन वर्षांची असताना इथे आणलेली माझी पोर इथे परकी ठरणार. आणि व्हिसा नोकरीवरचा, नोकरी गेली तर साठ दिवसांत आम्हा सगळ्यांचंच बिऱ्हाड उठणार.

म्हणून खोदकाम थांबण्याआधी, "थंडीत लागेल" असं साहेबांना पटवून गिरीशनं ढीग दुप्पट करून घेतला. मला तर तेव्हा केवढं कौतुक वाटलं त्याचं!

पण लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा. सैल राहिला की आत हवा शिरते आणि तो आपोआप तापतो. बुलडोझर फिरवून सारखा दाबावा लागतो. बुलडोझरवाल्यांना सप्टेंबरात काढलं, तेव्हापासून एरवी घरूनच काम करणारा गिरीश दर शनिवारी अडीच तास ड्राइव्ह करून स्वतःच ढीग दाबायला जायचा. दिवाळीच्या शनिवारी मात्र मी आडवी आले. मंडळाचा कार्यक्रम, त्यात अनुष्काचा नाच. "एक वीकेंड स्किप केलास तर आकाश कोसळणार आहे का?" तो गुपचूप थांबला.

पुढच्या शनिवारी मी डबा घेऊन त्याच्याबरोबर गेले. गाडीचं दार उघडलं आणि रॉकेलसारखा वास आला. ढिगाच्या एका बाजूनं बारीक धूर निघत होता. आत किती तापलंय ते कळायला ढिगात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई गिरीशनं उपसली आणि हात भाजताच टाकून दिली.

"अरे, दाब ना पटकन!" मी ओरडले.

"आत जळून पोकळ झालंय, वसुधा. मशीन वर नेलं तर मशीनसकट आत जाईन."

"मग पाणी मार."

"इतक्या आत नाही पोचत."

"मग कोणाला सांगू नकोस. प्लीज, गिरीश. बघू ना काय होतंय!"

हे मी म्हणाले. मला लाज वाटली नाही, नुसती भीती वाटत होती.

"सोमवारी सकाळी वीजघरातला ड्वेन कोळसा भरायला लोडर घेऊन यावर चढणार आहे," तो म्हणाला आणि त्यानं रेडिओ उचलला.

वीजघरातली माणसं मशीनं आणि पाण्याचे पाइप घेऊन आली, संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा ढीग फोडून पसरला. जळला तो जळला, उरला तो चिखल झाला. साहेबांनी तिथेच सांगितलं, वीजघर या महिन्यातच बंद.

परतीच्या वाटेवर अनुष्काचा मेसेज आला. "मंडळाचा व्हिडिओ आला! बाबा इज सो क्यूट इन धिस!"

मी व्हिडिओ लावला. हात धरून मी गिरीशला पहिल्या रांगेत आणून बसवत होते.