रोममध्ये विश्वास कुणावर ठेवावा

रोमच्या तेस्ताच्चो वस्तीतल्या आमच्या इमारतीत लोरेदाना दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि तिला सोडून गेलेला नवरा नाझ्झारेनो बरोबर तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या पिएरीनाबरोबर. संसार मोडला की माणसं निदान गल्ली तरी बदलतात. नाझ्झारेनोने फक्त एक जिना ओलांडला होता. सहा वर्षं लोरेदानाला रोज वरून खुर्च्या सरकल्याचे, ताटं मांडल्याचे आणि हसण्याचे आवाज ऐकू येत. त्यातलं हसणं तिला जास्त लागायचं.

"माझ्याबरोबर वीस वर्षं तोंडाला कुलूप होतं मेल्याच्या," इमारतीच्या आतल्या चौकात कपडे वाळत घालताना ती मला म्हणायची. "आता बघ, कसे दात काढतोय!"

लोरेदानाचं काम म्हणजे पहिल्यांदाच रोम बघायला आलेल्या जर्मन मंडळींना फिरवणं. जीभ तिखट, पण त्या लोकांना तीच आवडायची. "ज्या हॉटेलाबाहेर जेवणाचे फोटो लावलेत तिथे पाऊल टाकू नका, तिथे आमचं कुत्रंसुद्धा जेवत नाही. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या नळाचं प्या. उघड्या खांद्यांनी चर्चमध्ये शिरलात तर हाकलतील, आणि मी ओळख दाखवणार नाही. शेवटचं म्हणजे, हसतमुखाने मदतीला येईल त्याच्यापासून चार हात लांब राहा. या शहरात फुकट मदत कुणी करत नाही."

एप्रिलमधली एक सकाळ. स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी बस खच्चून भरलेली. लोरेदानाचा घोळका मधोमध दांड्यांना लोंबकळत होता. वाटेत एका थांब्यावर नाझ्झारेनो चढला. पिएरीनाने शिवलेला कोट गिऱ्हाइकाकडे पोचवायचा होता, तो त्याने हातावर घडी करून घेतला होता.

लोरेदानाने त्याला पाहिलं आणि तिला काय सुचलं कोण जाणे.

"बघा," ती जर्मनमध्ये म्हणाली, "खिसेकापूचा नमुना पाहायचा होता ना? तो बघा. हातावर कोट. कोटाखाली काय चाललंय ते तुम्हाला कधीच दिसत नाही. सभ्य दिसतो की नाही? असेच असतात."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाझ्झारेनोला जर्मनचं अक्षर कळत नव्हतं. त्याला वाटलं, बाई आपली ओळख करून देतेय. इतक्या वर्षांत लोकांसमोर तिने पहिल्यांदाच त्याची दखल घेतली होती. त्याने कसनुसं हसून मान लववली. घोळक्यातल्या बायकांनी पर्सा पोटाशी धरल्या.

पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. गेर्लिंडे नावाची थोराड बाई दांडी सुटून मागे कोसळली, ती थेट नाझ्झारेनोवर. त्याने कोटाच्या हाताने तिला सावरलं. तिने किंकाळी फोडली.

तिचा नवरा डेटलेफ धिप्पाड होता. त्याने नाझ्झारेनोचा हात पाठीमागे पिरगाळला. आणखी दोघांनी मानगूट धरली. सत्तरीला टेकलेला माणूस, वेदनेने गुडघ्यांवर आला.

"लोरे!" तो ओरडला. "सांग ना यांना! बाई पडत होती म्हणून धरलं मी!"

"काय म्हणतोय हा?" डेटलेफने विचारलं.

लोरेदाना शांतपणे म्हणाली, "म्हणतोय, चूक झाली, सोडून द्या, पोलिसांना बोलावू नका."

मग काय विचारता! थांब्यावर दार उघडताच डेटलेफने त्याला बाहेर ढकललं. तो फुटपाथच्या कडेवर कंबरेवरच आपटला. मागून कोणीतरी कोट फेकला. बस पुढे गेली. गेर्लिंडेने लोरेदानाला मिठी मारली. "तुम्ही सांगितलं नसतं तर..."

हे सगळं संध्याकाळी चौकात तिनेच मला सांगितलं. दोरीवरचे कपडे काढताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि मान लववली गं त्याने! राजदूतच जणू!"

"अगं, पण तो अजून घरी आलेला नाही," मी म्हणाले.

"येईल कंबर चोळत."

तेवढ्यात पिएरीना फाटकातून आली. केस विस्कटलेले, हातात तो मळलेला कोट. "खुबा मोडलाय," ती मला म्हणाली. "दवाखान्यात ठेवलंय." लोरेदानाचा हात दोरीवर थांबला. क्षणभरच. मग चिमटे गोळा करून ती जिन्याकडे वळली. "तोल सांभाळता येत नाही त्याने बसमध्ये चढावं कशाला?"

दुसऱ्या दिवशी पिएरीनाने तिचं दार वाजवलं. "माझ्यासाठी नको, पण पोलिसांना एवढं सांग की तो चोर नाही. थांब्यावरचे लोक काहीबाही बोलतायत."

"चोर नाही?" लोरेदाना म्हणाली. "माझी वीस वर्षं मग कोणी नेली?" आणि दार लावलं.

जर्मन मंडळी आपल्या गावी गेली. तक्रार कोणाची नव्हतीच, त्यामुळे पोलिसांनीही विषय सोडून दिला.

उन्हाळ्यात नाझ्झारेनो घरी आला तो खुर्चीतून, चौघांनी उचलून. आमच्याकडे लिफ्ट नाही. एकदा वर गेला तो खिडकीपाशीच अडकून पडला. शेवटी पिएरीनाच्या बहिणीने लातिना गावात तळमजल्यावरची खोली देऊ केली.

ते निघाले त्या सकाळी लोरेदाना कामाला जायला दार ओढत होती. जिना अरुंद. खुर्ची उतरवणाऱ्यांना वाट देण्यासाठी तिला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. नाझ्झारेनोने हमालांना थांबवलं. त्याचं तोंड तिच्या तोंडाच्या अगदी जवळ आलं होतं.

"लोरे," तो म्हणाला, "सहा वर्षं हसलो आणि एक खुबा गेला. स्वस्तात पडलं बघ. तुझ्याकडे वीस वर्षं राहिलो, तेव्हा अख्खा माणूस गेला होता."

वरच्या पायरीवर गाठोडं घेऊन उभी असलेली पिएरीना खदखदून हसली. हमालही हसले. लोरेदाना किल्ली मुठीत धरून तशीच उभी राहिली. खुर्ची खाली पोचेपर्यंत तिला हलताच येईना.

मग ती कामावर गेली. संध्याकाळी चौकात येऊन तिने विचारलं, "वर कोण येणार आहे राहायला?"

"कोणी नाही. मालक म्हणतोय, बंदच ठेवणार."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि अजून ओले असलेले कपडे दोरीवरून काढू लागली.