घसरला तो पाय कुणाचा?

बाबा दुसऱ्यांदा पडले तेव्हाही घरात पहिलं वाक्य तेच उमटलं.

"बाबा, जरा लक्ष देऊन चालत जा ना!"

बोलणारा त्यांचा मुलगाच होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. पण काळजीचा सूरही कधी कधी फार बोचतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबा हळूहळू सावरत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज वॉकर धरून चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील. म्हणून मुलाने कचेरीतून येताना औषधांच्या मोठ्या दुकानातून नवाकोरा वॉकर आणला होता. चकचकीत चार पाय, वर धरायला रबरी मुठी, उंची कमीजास्त करायला प्रत्येक पायाला एक छोटं बटण. त्या वॉकरसकट बाबा बेसिनपाशी आडवे झाले होते. नशिबाने हाड वाचलं, कोपर मात्र सोलून निघालं.

"अरे, टक् असं काहीतरी वाजलं आणि उजवी बाजू खाली गेली," बाबा पुन्हा सांगत होते.

मुलाने वॉकर उचलून उभा केला, हाताने दाबून पाहिला. चारही पाय जागच्या जागी होते.

"काही झालेलं नाही त्याला, बाबा. मागच्या वेळी दुकानात नेला होता ना? त्यांनीही दाबून बघितला. वयस्कर माणसांचा तोल एका बाजूला जातो, सवय होईल म्हणाले."

 त्या दिवसापासून बाबांनी चालणं सोडलं.

आधी "उद्या बघू" म्हणत, मग "पाय दुखतोय" म्हणत, मग काहीच न म्हणता. पाण्याचे मीटर तपासत गल्लीबोळ पालथे घालण्यात ज्यांची सारी नोकरी गेली, जिने चढताना ज्यांच्याबरोबर तरुण सहकाऱ्यांची दमछाक व्हायची, ते बाबा पलंगाच्या कडेला बसून खिडकीबाहेर बघू लागले. एका दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली. दाराशी त्यांचे काळे बूट ठेवलेले होते.

"सूनबाई, ते बूट कुणाला तरी देऊन टाक. चांगले आहेत अजून. मला काय करायचेत आता?"

सुनेने "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

अशात आत्या आल्या. या बाबांच्या थोरल्या बहीण. नातेवाइकांत त्यांना 'परतआत्या' म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. खरेदी केलेली वस्तू नीट निघाली नाही, की आत्या ती परत करणारच! छत्री गळली, परत. कुलपाला किल्ली लागेना, परत. एकदा तर चष्मा घेऊन गेल्या आणि दुकानात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यातून आमचे हे फारच देखणे दिसतायत, म्हणजे नंबर नक्की चुकलाय!" त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हटलं की भाच्याला, म्हणजे बाबांच्या मुलाला, घाम फुटे. तो स्वभावाने कमालीचा भिडस्त. चहात चुकून मीठ पडलं तरी "छान झालाय" म्हणून पिणारा.

आत्यांनी भावाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे.

"हा इथे का उभा? आणि तू तिथे का बसलायस?"

"आत्मविश्वास गेलाय त्यांचा," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "दोनदा पडले ना."

"त्याला विचारलंय मी. काय रे, काय होतं नेमकं?"

"टक् वाजतं, ताई," बाबा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली, जणू काही चोरी कबूल करत होते.

आत्या अंगाने भारदस्त. त्यांनी वॉकर पुढे ओढला, मुठी धरल्या आणि सगळा भार टाकून पाऊल उचललं. एक. दोन. आणि टक्! वॉकरचा उजवीकडचा मागचा पाय सर्रकन वर नळीत सरकला, वॉकर कलंडला. सुनेने धावत येऊन सावरलं म्हणून, नाहीतर आत्याही खाली आल्या असत्या. त्यांनी वॉकर उचलला, तर तो पाय आपल्या वजनाने खाली घसरला आणि बटण पुन्हा भोकात जाऊन बसलं. आता बघणाऱ्याला वॉकर अगदी शहाण्यासारखा उभा!



"माझं वजन आज पहिल्यांदाच कामी आलं," आत्या म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या भाच्याकडे वळल्या. "हाताने दाबून बघितलास. अंगाचा भार टाकून बघितलास का?"

"दुकानदार म्हणाले..."

"तेच तर! दुकानदाराचं ऐकलंस. बापाचं ऐकलं नाहीस. तो सांगत होता ना, टक् वाजतं म्हणून?"

मुलाने खाली वाकून ते बटण बोटाने चाचपलं. 

सुनेने दवाखान्याच्या कागदांतून वॉकरचं बिल शोधून दिलं आणि ती बाबांजवळ थांबली. आत्या आणि भाचा वॉकर घेऊन दुकानात गेले. वाटेत भाचा एकदाच म्हणाला, "आत्या, भांडण नको हं."

"हक्काचं मागणं म्हणजे भांडण, हे तुला कुणी शिकवलं?" आत्यांनी विचारलं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी होती : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"वाचली," आत्या म्हणाल्या. "अक्षर सुरेख आहे. रंग आवडला नाही म्हणून आम्ही आलो असतो, तर ही पाटी जरूर दाखवा. पण आधार द्यायला घेतलेली वस्तूच माणसाला पाडते! सदोष माल बदलून मागणं, पैसे परत मागणं, इजा झाली तर भरपाई मागणं, हा गिऱ्हाइकाला कायद्याने दिलेला हक्क आहे. भिंतीवर पाटी लावून तो पुसला जात नाही."

काउंटरवरची दोनचार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. दुकानदाराने आवाज खाली आणला. "जाऊ द्या हो, आजी. नवा देतो. घेऊन जा."

भाच्याचा जीव भांड्यात पडला. नवा वॉकर हातात घेऊन तो दाराकडे निघालाही. आत्या जागच्या हलल्या नाहीत. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो थांबला. त्याने नवा वॉकर जमिनीवर टेकवला, दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि एक पाय उचलून सगळा भार पुढे टाकला.

टक्!

क्षणभर पायाखाली काही उरलंच नाही.  काउंटरची कड हाताला लागली म्हणून तो वाचला. तो धडधाकट माणूस होता, तरी घाबरला. आणि त्याला बेसिनपाशी पडलेले बाबा दिसले. याच भीतीत पडलेल्या माणसाला आपण काय म्हणालो? लक्ष देऊन चाला! त्याला स्वतःची विलक्षण शरम वाटली.

"हा कंपनीकडून असाच येतो साहेब, मी काय करू?" दुकानदार गडबडून म्हणाला.

"तुम्ही कंपनीकडे बोट दाखवा, कंपनी तुमच्याकडे दाखवेल. तोवर माझ्या वडिलांनी पडत राहायचं?" जन्मात कधी चढला नव्हता, तो त्याचा आवाज आज चढला. "बिल माझ्याकडे आहे. मला पैसे परत हवेत आणि वॉकर सदोष निघाला हे लेखी हवं. कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार मी करणारच. त्यात तुमचं नाव काय म्हणून यायचं, ते तुम्ही ठरवा. आणि हे वॉकर ज्यांना ज्यांना विकलेत, त्यांना आत्ता, माझ्यासमोर फोन करा!"

आत्यांनी भाच्याकडे बघितलं आणि पदराने कपाळ पुसलं.

दुकानदार कुरकुरला, पण त्याने बिलबुकातला पहिला नंबर लावला. दुकानात एवढी शांतता होती की फोनवरच्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"वॉकर? वॉकर चांगलाय हो. आमच्या सासूबाईच पडल्या त्यावरून. त्यांचीच चूक, लक्षच नसतं त्यांचं. आता त्या उठतच नाहीत."

दुकानदाराचा हात थबकला.  मग तो म्हणाला, "ताई, त्यांची चूक नव्हती. तेवढं त्यांना आधी सांगा. आमचा वॉकर खराब होता." फोन ठेवून त्याने फळीवरचे तसले सगळे वॉकर खाली काढले आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवले. दुसरा नंबर त्याने आपणहून लावला.

संध्याकाळी, परत मिळालेल्या पैशांतून, दुसऱ्या दुकानातून भार टाकून पारखून घेतलेला वॉकर घरी आला. मुलगा बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"बाबा, चुकलो मी. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. वॉकरच खराब होता."



"खरंच?" बाबांनी विचारलं. "मला वाटलं, वस्तू नवी आहे, चांगलीच असणार. मीच खराब झालोय."

ते ऐकून मुलाला रडू आवरलं नाही. आत्यांनीही तोंड फिरवलं.

वाचकहो, सदोष वस्तू नुसता खिसा कापत नाही. ती वापरणाऱ्याला खोटं पाडते. यंत्र बिघडतं आणि आपण म्हणतो, तुला वापरता येत नाही. दुकानदाराला विचारायची भीड वाटते, म्हणून घरातल्या दुबळ्या माणसावर खापर फोडून मोकळे होतो. आपण गप्प बसलो की तीच वस्तू उद्या शेजारच्या घरात कुणाला तरी पाडते. म्हणून बिल जपून ठेवा, वस्तू पारखून घ्या, बिघडली तर निःसंकोच जाब विचारा. आणि या सगळ्याच्या आधी, ती वापरणारं आपलं माणूस काय सांगतंय ते ऐका!

बाबा उठले. मुलगा हात पुढे करत होता, पण त्यांनी मानेने नको म्हटलं. पलंगापासून बेसिनपर्यंत, बेसिनपासून दारापर्यंत. कुठेही टक् वाजलं नाही. दाराशी येऊन त्यांनी खाली बघितलं. तिथली जागा रिकामी होती.

"सूनबाई," त्यांचा आवाज चिरकला, "माझे बूट दिलेस का गं कुणाला?"

सून आतून बूट घेऊन आली. पॉलिश केलेले होते.

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "आणि दिले असते ना, तरी परत आणले असते. आपल्या घरात आता सगळं परत आणता येतं."