कमी जागेत बसणारा मदरबोर्ड

माझ्या लग्नात सगळ्यांनी चादरी दिल्या आणि धाकट्या बहिणीने प्रोसेसर दिला. "बाकीचा कॉम्प्युटर तुझा तू जुळव, पण लवकर," असं बजावूनही ठेवलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. माझ्या लग्नापासून ते बंदच पडलं होतं. मला त्या संध्याकाळींची इतकी आठवण यायची की शेवटी नवराच वैतागला. म्हणाला, "अगं, घेऊन टाक एकदाचा!"

बाकी सगळं जमलं, गाडं अडलं ते ज्यावर प्रोसेसर बसवायचा, त्या मदरबोर्डपाशी. शनिवारी दुकानात निघाले, तर सासूबाई चप्पल घालून दारात तयार. त्यांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला. शेजारच्या सीटवर बसून सूचना द्यायची सवय अजून गेलेली नाही.

"आई, तुम्हाला कंटाळा येईल तिथे."

"मला येईल ना? तुझं काय जातंय?"

दुकानात काउंटरवर मी पर्समधून प्रोसेसरची डबी काढली. दुकानदाराने ती निरखून पाहिली आणि एका बाजूचेच खोके खाली काढले.

"म्हणजे कुठलाही चालत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, काकू. दोघांचं जुळलं पाहिजे. उगाच दाबून बसवायला गेलं की पिना वाकतात."

मी सगळ्यात छोट्या बोर्डावर बोट ठेवलं. "हा द्या."

"ताई, हा छोटा असून महाग आहे बघा. एवढ्याशा जागेत सगळं कोंबायचं म्हणजे खटाटोप असतो. पुढे काही वाढवायचं म्हटलं तर जागा नाही. शिवाय छोट्या डब्यात बसवला की लवकर तापतो."

"हीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

मी तापलेच. "मला छोटाच हवाय. अख्खा कॉम्प्युटर कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बसला पाहिजे."

"तिथे? अगं, तिथे झाडू असतो."

"झाडू सरकवीन मी."

सासूबाईंनी त्या छोट्या बोर्डावरचं माझं बोट बाजूला केलं. मग हळूच म्हणाल्या, "तुला तिथे बसायला सांगितलं कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीच आल्यापासून सगळे कपडे एका खणात कोंबले होते. सोफ्यावर टेकले तरी कडेला टेकत होते, कुणाला अडचण नको म्हणून. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि चक्क रडू फुटलं. मदरबोर्डच्या दुकानात! दुकानदार बिचारा घाईघाईने म्हणाला, "ताई, किमतीचं बघू आपण काहीतरी."

सासूबाईंनी मात्र फोन काढून मुलाला लावला. "हॉलमधलं खिडकीजवळचं टेबल रिकामं कर. हो, माझंच. माझं सामान? ठेव त्या झाडूपाशी!" मग दुकानदाराकडे वळल्या. "मोठा दाखवा. भरपूर जागा असलेला."

रविवारी संध्याकाळी ते टेबल माझं होतं. नवऱ्याने स्क्रू पुरवले, मी कॉम्प्युटर जोडला, बटण दाबलं आणि पंखे फिरायला लागले. मी अशी किंचाळले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आल्या त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्याच.

हेडफोनमध्ये धाकटीचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. शर्यत सुरू झाली.

"इंडिकेटर दे! अगं, वळताना इंडिकेटर!" सासूबाई ओरडल्या. "आणि त्या लाल गाडीला पुढे जाऊ देऊ नकोस!"

लाल गाडी धाकटीची होती. "ए, कोण ओरडतंय गं तिकडे?" तिने विचारलं.

"आई."

"काहीतरीच! आई इथे माझ्या मागे उभी आहे."

"असू दे," मी गिअर बदलत म्हटलं. "इथेही आहे."

"गप्पा नंतर!" शेजारून आवाज आला. "समोर बघ!"