पु. का. भोईर यांचे मत

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला क्षितिजा भोईरला एक शोकांतिका अभ्यासाला होती. लेकीचं लग्न मोडू नये म्हणून एक बाप सैन्यातला मुलगा गेल्याचं पत्र तीन दिवस लपवून ठेवतो. तोवर सून मांडवात गजरा माळून मिरवते, आणि खरं कळतं तेव्हा विहीर जवळ करते. या नाटकावर निबंध लिहायचा होता. निबंधात निदान एका समीक्षकाचं मत हवंच, असं साळवे सरांनी बजावलं होतं. नुसतं 'मला वाटतं' लिहिलं तर मार्क कापणार होते.

कॉलेजच्या लायब्ररीत त्या नाटकावरचं एकच समीक्षेचं पुस्तक होतं. ते वर्गातल्या कुणालने नेलं, आणि पुस्तकासकट तो मावशीकडे अकलोलीला जाऊन बसला. निबंध तर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

भिवंडीत तेव्हा दुपारचं लोडशेडिंग असायचं. वीज गेली की शेजारच्या शेडमधले लूम थांबायचे आणि घरातलं बोलणं घरातल्यांना ऐकू यायचं. त्या शांततेत क्षितिजा नाटक मोठ्याने वाचत होती. तिची काकी, पुतळाबाई, समोर सुकट निवडत ऐकत होती. काकीला वाचता येत नव्हतं, पण नाटकातल्या कुणाची कोणाशी सोयरीक, हे तिला क्षितिजाच्या आधी कळलं होतं.

तिसरा अंक संपल्यावर ती म्हणाली, "तीन दिस पत्र दाबून ठेवलं. मंग पंगतीला दोन येला जेवला कसा तो?"

क्षितिजाने पानं उलटून पाहिली. बाप खरोखरच दोनदा पंगतीला बसला होता, आणि एकदा तर त्याने जिलबी मागून घेतली होती.

त्या रात्री तिने निबंधात लिहिलं : 'ज्येष्ठ समीक्षक पु. का. भोईर म्हणतात, नायकाचा खरा अपराध पत्र लपवण्यात नसून, त्यानंतर स्वस्थपणे घेतलेल्या घासात आहे.' काकांचं नाव काळूराम, म्हणजे पुतळाबाई काळूराम भोईर. तेव्हा हे अगदीच खोटं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. अकरा वर्षं हे नाटक शिकवतोय, पण ते जेवण आपल्या लक्षात आलं नव्हतं, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. क्षितिजाला वीसपैकी सतरा मार्क मिळाले.

त्याच नाटकावरच्या पुढच्या निबंधात वर्गातल्या बावीसपैकी चौदा जणांनी पु. का. भोईरांचा आधार घेतला. कुणालने पान नंबरही दिला. मृणालीने लिहिलं की उतारवयात भोईरांनी आपलं मत बदललं होतं. क्षितिजाला भीती वाटू लागली, पण आता माघार कुठून घ्यायची ते कळेना.

मग एक दिवस सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ठाण्याच्या एका चर्चासत्रासाठी त्यांनी निबंध लिहिला होता, भोईरांच्या मतावरच. निबंध पाठवूनही झाला होता. फक्त पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव राहिलं होतं.

क्षितिजाने खाली मान घालून सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुझ्या काकी सध्या काय करतात?"

"सुकट निवडत असतील, सर."

दुसऱ्या दिवशी वीज गेल्यावर सर घरी आले. क्षितिजाने काकीला तिचं छापून येऊ घातलेलं मत वाचून दाखवलं. काकीने ते साफ नाकारलं.

"अपराध, घास, असलं मी कवा बोलले? मी इचारलं, तो जेवला कसा."

सर म्हणाले की तेच जास्त बरं आहे, आणि त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. तेवढ्यात काकीने त्यांच्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकट ठेवली. सरांनी पहिला घास जरा बिचकतच घेतला. दुसरी भाकरी मात्र त्यांनी स्वतः मागितली.

चर्चासत्राला ते क्षितिजाला बरोबर घेऊन गेले. निबंध वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले की भोईरांचं लेखन आपण फार पूर्वीपासून वाचत आलो आहोत आणि त्यांची उपेक्षा झाली आहे. सरांनी नम्रपणे खुलासा केला की भोईर म्हणजे पुतळाबाई, आणि त्यांना लिहितावाचता येत नाही. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग सभागृहात अर्धा तास त्या जेवणावरच वाद झाला. एकाच्या मते ते दुःखाने बधिर होऊन जेवणं होतं, दुसऱ्याच्या मते तो निव्वळ ढोंगीपणा.

क्षितिजाचे पाच मार्क कापले गेले, फसवणुकीबद्दल. पण पुढच्या निबंधापासून वर्गाला 'मला वाटतं' लिहायची मुभा मिळाली. त्यावर कुणालने तक्रार केली की हे जास्त अवघड आहे.

चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेल्यावर तिने काकीला सांगितलं की तुझ्या एका प्रश्नावर ठाण्यात शिकलेली माणसं अर्धा तास भांडत होती.

"मंग काय ठरलं?" काकीने विचारलं.

"काहीच नाही."

काकीला वाईट वाटलं. "त्याच्या बायकोला इचारायचं," ती म्हणाली. "वाढत तर तीच होती." क्षितिजाने पुस्तक उघडलं. नाटकभर त्या बाईला चार वाक्यं होती. ती नाटक पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचायला बसली, तोच वीज आली आणि लूम सुरू झाले.